वरातीतला घमघमाट

अड्याळच्या लग्नात पाहुणा दिसण्याआधी त्याचा वास मांडवात शिरतो. भंडारा जिल्ह्यातलं मे महिन्याचं ऊन, अंगात टेरिकॉटचा सदरा आणि काखेत रिकामी केलेली अर्धी बाटली!

पिढी ओळखायला आधार कार्ड लागत नाही. कानात हिना अत्तराचा फाया दिसला की आजोबा. गालावर ओल्ड स्पाइस झोंबत असलं की मामा. हा ब्रँड १९३८ साली अमेरिकेत पुरुषांसाठी निघाला, मामांनी तो अजून सोडलेला नाही. भाचा १९८३ साली फ्रान्समध्ये जन्मलेला ॲक्स फवारतो आणि मागं वळून पाहतो. जाहिरातीतल्या पोरी येत नाहीत, येतं ते मांडवातलं कुत्रं.

फॉग डिओवाल्यांनी ‘गॅस नाही’ म्हणत फवारे मोजून दिले. नवरदेवाच्या मित्रांनी ते एकाच वरातीत संपवले, तेही परक्याच्या बाटलीतले.