अनाहूत टपालाचे शास्त्र

ज्याने मागवले नाही त्याला, ज्याची गरज नाही ते, ज्याचा ठावठिकाणा नाही त्याने पाठवले, की त्या ई-मेलला स्पॅम म्हणतात. व्याख्येतील तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. काकांकडून रोज पहाटे येणारे 'शुभ सकाळ' पहिल्या दोन अटी पूर्ण करते; पण काकांचा ठावठिकाणा सर्वांना माहीत असल्यामुळे त्याला स्पॅम म्हणता येत नाही, उलट हात जोडल्याचे चित्र पाठवावे लागते.

या प्रकाराचा जन्म ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत झाला. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर तेव्हा मोजकी विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि सरकारी कार्यालये होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतील गॅरी थर्क यांनी नव्या यंत्राच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे चारशे जणांना एकदम धाडले. पत्ते छापील निर्देशिकेतून उतरवून घेतले होते. ते पत्त्यांच्या रकान्यात मावेनात, म्हणून उरलेले खाली मजकुरात सांडले. त्यामुळे आमंत्रण कशाचे हे कळण्याआधी आणखी कोणाकोणाला आमंत्रण आहे हे वाचावे लागले. तक्रारी झाल्या, संरक्षण खात्याच्या यंत्रणेने नाराजी कळवली. थर्क यांच्या सांगण्याप्रमाणे यंत्रेही खपली. धंद्याचा सगळा सिद्धांत पहिल्याच प्रयोगात हाती आला: शिव्या पुष्कळ पडतात, पण त्यांचे बिल येत नाही, गिऱ्हाईक एखादेच मिळते, पण ते पैसे मोजते.

हा सिद्धांत घरोघरी पोचवण्याचे काम पुढे वकिलांनी केले. ॲरिझोनातील फिनिक्स शहरात कँटर आणि सीगल हे वकील दांपत्य ग्रीन कार्डाच्या सोडतीसाठी अर्ज भरून देत असे. एप्रिल १९९४ मध्ये त्यांनी युजनेट या चर्चाजाळ्यावरील हजारो गटांत एकच जाहिरात टाकली. खगोलशास्त्रावर वाद घालणाऱ्यांनाही ग्रीन कार्डाची माहिती मिळाली, मांजरप्रेमींनाही मिळाली. जगभरातून इतकी संतप्त पत्रे आली की त्यांना सेवा देणारा सर्व्हर कोसळला. त्यावर पश्चात्ताप म्हणून या दांपत्याने त्याच वर्षी इंटरनेटवर पैसा कसा कमवावा यावर पुस्तक लिहिले.

स्पॅम इतके सोपे का, याचे उत्तर ऑगस्ट १९८२ मध्ये सापडते. जॉन पोस्टेल यांनी तेव्हा ई-मेल पोचवण्याची जी नियमावली प्रसिद्ध केली, तिचाच वारसा आजही चालतो. तिच्यात पाठवणाऱ्याचे नाव तपासण्याची सोय नव्हती. आंतरदेशीय पत्राच्या मागे 'प्रेषक' म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे आणि पोस्टमनने ते निमूट घरी आणून द्यावे, तसे हे आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. जाळ्यावर त्या काळी जे होते ते बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे होते, आणि ओळखीच्या माणसाकडे ओळखपत्र मागणे कोणत्याही समाजात अशिष्टच समजले जाते.

पुढे जाळ्यावर अब्जावधी माणसे आली तेव्हा एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशी तीन ठिगळे लावण्यात आली. पत्र ज्या डोमेनच्या नावाने आले आहे त्याच डोमेनच्या संमतीने निघाले का, एवढे त्यांतून कळते. डोमेनचा मालक भामटा आहे की सज्जन, हे कळत नाही. भामट्याने स्वतःचे डोमेन रीतसर विकत घेऊन तिन्ही ठिगळे नीट शिवली, तर त्याचे पत्र अनेक सरकारी कार्यालयांच्या पत्रांपेक्षा अधिक अस्सल ठरते. सन २००४ च्या जानेवारीत दावोस येथे बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल असे सांगितले होते. ती दोन वर्षे अजून चालू आहेत.

या धंद्याचा ताळेबंद एकदा आतून पाहिला गेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन डिएगो येथील संशोधकांनी २००८ मध्ये 'स्टॉर्म' नावाच्या बॉटनेटमध्ये शिरकाव केला. बॉटनेट म्हणजे मालकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या, दुसऱ्याच्या हुकमाने पत्रे पाठवणाऱ्या संगणकांचा ताफा. औषधांच्या जाहिरातीची सुमारे ३५ कोटी पत्रे निघाली आणि खरेदीच्या पानापर्यंत २८ गिऱ्हाइके पोचली. म्हणजे साधारण सव्वा कोटी पत्रांमागे एक. त्या २८ पैकी २७ जणांना पौरुष वाढवणारा माल हवा होता. अठ्ठाविसाव्याच्या गरजेबद्दल शोधनिबंधाने सभ्यपणे फारसे लिहिलेले नाही. कोणत्याही दुकानदाराने हा हिशेब पाहून त्याच संध्याकाळी शटर ओढले असते. पण येथे दुकानाचे भाडे, वीज, यंत्र आणि हमाली हे सारे त्या ताफ्यातल्या संगणकांचे मालक भरतात, त्यामुळे २८ गिऱ्हाइकांतही भागते.

स्पॅमचे प्रकार मजकुरावरून नव्हे, तर वाचणाऱ्याच्या ज्या भावनेला हात घातला जातो तिच्यावरून पाडणे सोयीचे असते.

पहिला प्रकार लोभाचा. यात कोणी राजपुत्र, विधवा किंवा बँक व्यवस्थापक मोठी रक्कम देशाबाहेर काढू पाहतो आणि त्यासाठी जगातील इतक्या माणसांतून नेमका सोलापूरच्या निवृत्त लिपिकाला निवडतो. नायजेरियाच्या दंडसंहितेतील कलमावरून याला '४१९' म्हणतात. पत्र इतके बाळबोध का, या शंकेचे समाधान मायक्रोसॉफ्टमधील संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये केले. पत्र पाठवणे फुकट असते, पण आलेल्या उत्तरामागे लागून पैसे काढणे हे वेळखाऊ काम असते. पत्र शहाणे असेल तर शहाणी माणसेही उत्तर देतील, चौकशा करतील आणि शेवटी पैसे देणार नाहीत. बाळबोध पत्र त्यांना दारातच गाळते. थोडक्यात, ती चाळणी परीक्षा असते आणि तिच्यात नापास होणे फायद्याचे असते.

दुसरा प्रकार भीतीचा. 'आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित केला जाईल, मागील बिल अद्ययावत नाही, या अधिकाऱ्याला फोन करा' असे संदेश महाराष्ट्रात इतके फिरले की महावितरणला ते आपले नव्हेत असे जाहीर करावे लागले. यातील अधिकारी रात्री साडेनऊलाही पहिल्या घंटेला फोन उचलतो. एवढ्या एका गोष्टीवरून तो खरा नाही हे ओळखता यायला हवे. पण घाबरलेल्या माणसाला तेवढा अनुभव आठवत नाही. याच जातीची पुढची आवृत्ती 'डिजिटल अरेस्ट' या नावाने गाजली. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. तरी चांगली शिकलेली माणसे स्वतःच्याच दिवाणखान्यात कॅमेऱ्यासमोर तासन्‌तास अटकेत बसली, कारण समोरच्या चौकटीत गणवेश होता आणि आवाज चढा होता.

तिसरा प्रकार प्रेमाचा. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' या विषयाचे पत्र सुटले. जोडलेले प्रेमपत्र उघडले की ते वाचणाऱ्याच्या संगणकातील फायली बिघडवत असे आणि त्याच्या यादीतील सर्वांना त्याच्या नावाने तेच पत्र पाठवत असे. साहेबांना कारकुनाकडून आणि कारकुनाला साहेबांकडून प्रेमाची कबुली मिळाली, आणि दोघांनीही ती उघडून पाहिली. ब्रिटिश संसदेला आपली ई-मेल यंत्रणा बंद करावी लागली. फिलिपिन्समध्ये या कृत्याला लागू पडेल असा कायदा नसल्याने खटला उभा राहिला नाही. कायदा पुढच्याच महिन्यात झाला. भारतीय व्हॉट्सॲपवर त्या प्रेमपत्राची जागा आता लग्नपत्रिकेने घेतली आहे. 'अगत्य येण्याचे करावे' या भावाने येणारी ही पत्रिका एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल असते. ती उघडणाऱ्याने आहेर कार्यालयात नेण्याची गरज उरत नाही, तो खात्यातून परस्पर जातो.

या सर्व घटनांनंतर निघणारा निष्कर्ष मात्र एकच असतो: वापरकर्त्याने काळजी घ्यायला हवी होती. हा निष्कर्ष थोडा तपासून घेण्यासारखा आहे. प्रेमपत्राची ती फाइल दिसायला साधा मजकूर होती, कारण नावाचा खरा शेवट, म्हणजे ती चालणारी आज्ञावली आहे हे सांगणारी अक्षरे, विंडोजने मूळ मांडणीतच झाकून ठेवली होती. सोय म्हणून जे झाकले ते पाहिले नाही, हा दोष वापरकर्त्याचा ठरला.

पासवर्डाची कथा याहून बोधप्रद आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेतील बिल बर यांनी २००३ मध्ये एक मार्गदर्शिका लिहिली. मोठे अक्षर, लहान अक्षर, अंक, चिन्ह आणि ठराविक मुदतीने बदल हा जो नियम जगभरच्या कार्यालयांत भिंतीवर चिकटला, त्याचे मूळ तिथे आहे. कर्मचाऱ्यांनी तो काटेकोर पाळला: 'गणपती@१', तीन महिन्यांनी 'गणपती@२', आणि विसरायला नको म्हणून कीबोर्डाखाली चिठ्ठी. संस्थेने २०१७ मध्ये ही सक्ती मागे घेतली आणि लांब, लक्षात राहणारा पासवर्ड बरा असे सांगितले. बर यांनीही त्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. भिंतीवरचा कागद अनेक कार्यालयांत अजून आहे. तो काढण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरलेले नाही.

भारतीय वापरकर्त्याचे शिक्षणही असेच उलटसुलट चालते. ओटीपी कोणालाही सांगू नका, असे त्याला दिवसातून दोनदा बजावले जाते. त्याच दिवशी दारात पार्सलवाला उभा राहतो, गॅस सिलिंडरवाला उभा राहतो, आणि दोघेही पहिला प्रश्न ओटीपी कितीचा हाच करतात. अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका, असे सांगणारी ई-मेल 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा' या वाक्याने संपते. खात्याचे विवरण कुलूपबंद फाइलमध्ये येते आणि नावाची पहिली चार अक्षरे व जन्मतारीख ही किल्ली असल्याचे त्याच पत्रात लिहिलेले असते. आधार कार्ड गोपनीय ठेवावे म्हणतात. त्याच्या प्रती काढण्यासाठी ते झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवण्यावाचून इलाज नसतो, आणि गावातील सर्वांत मोठे डेटा सेंटर त्याच्या काउंटरवरील जुन्या संगणकात वसलेले असते.

याचा अर्थ वापरकर्ता संत असतो असे नाही. फुकटची विंडोज बसवून तिच्यावर फुकटाचा अँटिव्हायरस चढवणारा गृहस्थ 'आपल्याकडे लपवण्यासारखे आहे काय' असे विचारतो. त्याच्याकडे लपवण्यासारखे काही नसेलही. पण स्पॅमवाल्याला त्याची गुपिते नको असतात, त्याचा संगणक हवा असतो. दुरुस्तीची सूचना सहा महिने 'नंतर आठवण करा' म्हणून ढकललेला संगणक रात्री कोणाकोणाला पौरुषवर्धक गोळ्यांची पत्रे पाठवतो, हे मालकाला ठाऊक नसते. स्पॅम पाठवणाऱ्याचा ठावठिकाणा लागत नाही याचे एक कारण हे, की तो कधी कधी आपल्याच घरात असतो.

कायद्याने पाठवणारा आणि वापरकर्ता यांच्यात दोषाची वाटणी करण्याचा प्रयत्न केला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ मध्ये त्रास देण्यासाठी किंवा पाठवणारा कोण याबद्दल दिशाभूल करण्यासाठी केलेली ई-मेल हा गुन्हा ठरवला होता. ते गाजले मात्र पालघरच्या दोन तरुणींमुळे: नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल एकीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ते लाइक केले आणि दोघींना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवले. त्याच्याबरोबर स्पॅमविषयीचे ते वाक्यही गेले. फसवणुकीची इतर कलमे शिल्लक आहेत. नुसत्या कटकटीला वाली उरला नाही.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकाची वाटणी अधिक समंजस होती. दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर त्याच्यावर भुर्दंड नाही. त्याने स्वतः गुप्त माहिती देऊन टाकली असेल, तर खबर देईपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर. भारतीय बँकांची संकेतस्थळे 'बँक डॉट इन' या राखीव नावाखाली आणण्याचा २०२५ मधील निर्णयही याच दिशेचा आहे: नाव ओळखण्याची कसोटी लाखो ग्राहकांनी रोज देण्याऐवजी ते नाव भामट्याला मिळूच नये.

अशी वाटणी झाल्यावर वापरकर्त्याच्या वाट्याला येते ते काम आटोपशीर असते. संगणक आणि फोन अद्ययावत ठेवणे, प्रत्येक खात्याला निराळा पासवर्ड देऊन दुहेरी पडताळणी चालू करणे, आणि पैसे गेलेच तर लाजेने दोन दिवस गप्प न बसता लगेच बँकेला आणि १९३० या क्रमांकाला कळवणे. लाज हा या धंद्यातील भामट्याचा बिनपगारी नोकर आहे. त्याला कामावरून काढले तरी बराच पैसा परत मिळण्याची आशा राहते.

उरते ती घाई. लोभ, भीती आणि प्रेम हे तिन्ही प्रकार एकाच गोष्टीवर चालतात: आत्ताच्या आत्ता. खऱ्या बँकेला, खऱ्या वीज कंपनीला आणि खऱ्या पोलिसांना इतकी घाई असल्याचा अनुभव कोणत्याही नागरिकाला नाही. म्हणून घाई करणारे पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर वाचावे. वीज तोपर्यंत जात नाही, आणि गेलीच तर ती नेहमीच्या कारणाने गेलेली असते.