लाजाळू दाते

गावच्या देवळात छताकडे पाहिलं की पंख्याच्या पात्यावर लाल रंगात 'कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं दिसतं. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून जास्त हुशार दाते बाकडं देतात. दोन हजारांच्या वस्तूवर तीन पिढ्यांची नावं घालणारा आपला समाज. पण त्याच समाजात शेकडो कोटी रुपये देऊन 'नाव तेवढं कुठे येऊ देऊ नका हो' असं म्हणणारे विनम्र जीवही आहेत. त्यांना कंपनी म्हणतात.

कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या द्याव्यात की नाही, यावर अधूनमधून वाद झडतो. वाद कसला? कंपनीला मत नसतं. उन्हात रांगेत उभं राहून बोटाला शाई लावून घ्यायचं भाग्य तिच्या नशिबी नाही. मग लोकशाहीवरचं प्रेम तिने व्यक्त करायचं तरी कसं? आणि मन मोठं असल्यामुळे ती एकाच पक्षावर प्रेम करत नाही. सत्तेत असलेल्यावर जास्त करते, विरोधात असलेल्यावर बेताने करते. उद्याचं कुणी पाहिलंय!

या प्रेमात बिब्बा घालणारे पहिल्यापासून आहेत. १९५७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीने आपल्या घटनापत्रात पक्षांना देणग्या देण्याची सोय करून घ्यायचं ठरवलं, तर एक भागधारक थेट मुंबई हायकोर्टात गेला. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्यात बसतंय म्हणून परवानगी दिली, पण हा पैसा उद्या लोकशाहीचा गळा आवळेल, संसदेने वेळीच विचार करावा, असंही बजावलं. संसदेने विचार केला, सवडीने केला. १९६९ मध्ये देणग्यांवर बंदी आली आणि व्यवहार चेकवरून बॅगेवर गेला. १९८५ मध्ये बंदी उठली, सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांची मर्यादा आली. २०१३ मध्ये ती साडेसात टक्के झाली. २०१७ मध्ये मर्यादाच गेली आणि नफ्याची अटही तिच्याबरोबर गेली. तोट्यातली कंपनी पगारवाढ मागणाऱ्यांसमोर ताळेबंद उघडते. पक्षासमोर तो मिटून ठेवायची कायदेशीर सोय झाली.

एवढ्या पैशांचं पक्ष करतात काय, असं विचारू नये. लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रासारख्या राज्यात ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे. कार्यकर्त्याने रिचवलेला चहा आणि वडापाव कोणत्या दराने धरायचा, हेसुद्धा जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतात. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही. वडापाव उमेदवाराच्या खात्यात, हेलिकॉप्टर पक्षाच्या.

मग २०१८ मध्ये निवडणूक रोखे अवतरले. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापायचे, स्टेट बँकेने विकायचे, पक्षाने १५ दिवसांत वटवायचे. रोख्यावर देणाऱ्याचं नाव नाही. साध्या डोळ्यांना रोख्यावर क्रमांकही दिसत नसे. अतिनील प्रकाशाखाली धरला की उमटे. सरकार म्हणालं, ही सुरक्षेची खूण आहे. कोणाच्या सुरक्षेची, ते विचारायचं राहून गेलं.

नावाचा एवढा तिटकारा की घेणाऱ्यांनाही देणारा कळेना. संयुक्त जनता दलाने निवडणूक आयोगाला लेखी कळवलंय की ३ एप्रिल २०१९ रोजी कुणीतरी त्यांच्या पाटण्याच्या कार्यालयात येऊन बंद पाकीट देऊन गेलं. उघडून पाहिलं तर आत एकेक कोटीचे १० रोखे! आपल्याकडे बंद पाकिटात १०१ रुपये निघाले तरी आहेराच्या वहीत नाव लिहून घेतात. इथे १० कोटी आले आणि 'आपण कोण?' एवढंही कुणी विचारलं नाही. पाणी तरी विचारलं असेल अशी आशा आहे.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि हिशेब मागितला. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. निवडणूक आटोपली असती, म्हणजे कुणाचं लक्ष विचलित झालं नसतं. कोर्टाने एक दिवस दिला आणि एका दिवसात माहिती मिळाली. पासबुक भरायला 'उद्या या' ऐकायची सवय असलेल्या खातेदारांसाठी तो सोनियाचा दिनु होता. पाहतात तो काय, सर्वांत मोठा दाता लॉटरीवाला, फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी! नशिबावर त्याची एवढी श्रद्धा, पण तिकीट मात्र त्याने एकाच पक्षाचं घेतलं नव्हतं. काही कंपन्यांच्या दारावर पडलेली धाड आणि त्यांनी घेतलेले रोखे यांच्या तारखा कॅलेंडरवर शेजारी राहत होत्या. शेजारधर्म, दुसरं काय.

आता रोखे गेले, साडेसात टक्के परत आले आणि कंपन्यांचे पैसे गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या इलेक्टोरल ट्रस्टना बरे दिवस आले. तिथे एका यादीत देणाऱ्या कंपन्या असतात, दुसऱ्या यादीत घेणारे पक्ष. सगळं पारदर्शक. फक्त कुणाचा रुपया कुणाकडे गेला, ते यादीत नसतं.

पण या सगळ्यात खऱ्या दात्याचा सत्कार राहूनच गेला. पक्षाला देणगी द्यायला संचालक मंडळाचा ठराव पुरतो, कंपनीच्या मालकांना म्हणजे भागधारकांना विचारावं लागत नाही. हे मालक कोण? तुमची दरमहा दोन हजारांची एसआयपी आहे ना? त्यात तुम्ही. एसआयपी नाही? पीएफचा काही हिस्सा २०१५ पासून शेअर बाजारात जातो, त्यात तुम्ही. पीएफही नाही? दिलेल्या देणगीवर कंपनीला प्राप्तिकरात पूर्ण वजावट मिळू शकते. तिजोरीत जेवढा कर कमी आला, तेवढा साबणापासून बिस्किटापर्यंतच्या जीएसटीतून आपण भरला. रोख्यांच्या छपाईचा आणि बँकेच्या कमिशनचा खर्चही सरकारनेच, म्हणजे आपणच केला. ज्या पक्षाला आपण गेली वीस वर्षं शिव्या घालतो, त्यालाही आपण इमानेइतबारे देणगी देत आलो आहोत. एवढं उदार मन आपल्याकडे आहे, हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं!

२०१९ मध्ये रोख्यांच्या सुनावणीत ॲटर्नी जनरल म्हणाले होते की पक्षांकडे पैसा कुठून येतो, हे मतदाराला कळण्याची गरज नाही. मान्य. मतदार म्हणून विचारतच नाही, देणगीदार म्हणून विचारतो: आमचा पैसा नेमका कोणाला दिलात आणि त्याच्या बदल्यात आमच्या नावावर काय घेतलंत?