चिरंजीवांची टर्मिन

पहूरच्या बसस्टँडवर मध्यंतरी आयफेल टॉवर उभा होता. म्हणजे फ्लेक्सवर. टॉवरशेजारी कोट घातलेले आमच्या नानांचे चिरंजीव, वर तालुक्याचे, जिल्ह्याचे आणि राज्याचे नेते आपापल्या वजनाप्रमाणे लहानमोठ्या गोलांत, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि मधोमध ‘उच्च शिक्षणासाठी जर्मनीला रवाना, हार्दिक अभिनंदन’. आयफेल टॉवर जर्मनीत नाही, हे भूगोलाच्या सरांनी छपाईआधीच नानांच्या कानावर घातलं होतं. नाना म्हणाले, “सर, जर्मनीतलं लोकायले वळखू येईन असं काही सांगा, तेच टाकू.” सरांना चटकन काही सुचलं नाही. टॉवर राहिला.

तसं पहूरला परदेशाचं अप्रूप नाही. जळगाव स्टेशनावर उतरून अजिंठ्याला निघालेला गोरा माणूस आमच्याच फाट्यावरून पुढे जातो. अजिंठा पाहणाऱ्या गोऱ्यांतला पहिला मानकरी कॅप्टन जॉन स्मिथ. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला म्हणून आला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून गेला. परक्या मुलुखात गेल्यावर पहिलं काम कोणतं करायचं, याचा धडा तेव्हाच घालून दिला. त्या लेण्यांपुढून वाहणारी वाघूर पुढे आमच्या गावातून जाते, त्यामुळे तो संस्कार आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. उलट दिशेची रहदारी मात्र आत्ता आत्ता वाढली. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणारी भारतीय मुलं ४९ हजारांच्या वर होती. त्यांनी चिन्यांनाही मागे टाकलं. त्यानंतर ज्यांची भर पडली, त्यांत आमचे चिरंजीव.

सगळी सुरुवात ‘जर्मनीत फी नाही’ या वाक्यापासून झाली. वाक्य खोटं नाही. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याचे पैसे खरोखरच घेत नाहीत. फक्त या फुकट शिक्षणाला जाण्याआधी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो एका खात्यात भरून दाखवावे लागतात. युरो शंभराचा धरला तर अकरा लाख नव्वद हजार. नानांना युरो कळत नाहीत, क्विंटल कळतात. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे १४७ क्विंटल कापूस, आणि तोही ग्रेडरने ओलावा बघून नाक न मुरडलेला.

या खात्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. पैसे आपले, नाव आपलं, पण महिन्याला ९९२ युरोंच्या पलीकडे हात लावायचा नाही. बँकेतल्या साहेबाने नानांना हे समजावून सांगायला अर्धा तास काढून ठेवला होता. दोन मिनिटांत काम झालं. “म्हंजे पतसंस्थेसारखंच ना,” नाना म्हणाले. आपलेच पैसे आपल्याला न मिळण्याचं शिक्षण जळगाव जिल्ह्याने केव्हाच पूर्ण केलं आहे. जर्मन निदान दर महिन्याला देतात तरी, म्हणून नानांचं त्यांच्याबद्दल मत एकदम चांगलं झालं.

कर्जाचं प्रकरण निराळं. सात एकर काळी जमीन बँकेला तारण म्हणून नको होती. शेतजमीन चालत नाही म्हणे. धाकट्या काकांचा जामनेर रोडवरचा एन.ए. प्लॉट मात्र चालला, ज्यावर आजवर काट्याच्या बाभळीशिवाय काही उगवलेलं नाही. मग एपीएस. नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या मुलांच्या मार्कशीट खऱ्या आहेत, असा दाखला अठरा हजार रुपये भरून दिल्लीहून घ्यावा लागतो. तो दाखला खरा आहे, याचा दाखला अजून कोणी मागितलेला नाही. एवढी सूट आहे.

निरोपाचे सत्कार दोन झाले. पहूर पेठ आणि पहूर कसबे या दोन ग्रामपंचायती आहेत, तेव्हा एकच करून चाललं नसतं. शाली, श्रीफळं आणि पेढे जमा झाले आणि बॅग भरण्याची वेळ आली तेव्हा युरोपचा कायदा आडवा आला. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायचे नाहीत. पेढे गेले. मोठ्या मायचं साजूक तूप गेलं. ताज्या फळभाजीला रोग नसल्याचा सरकारी दाखला लागतो, म्हणजे भरिताचं वांगंही गेलं. भौगोलिक मानांकन मिळालेलं असलं म्हणून काय झालं. त्या दाखल्यातून फक्त पाच फळं सुटली आहेत: अननस, नारळ, डुरियन, खजूर आणि केळी. केळी! युरोपच्या सत्तावीस देशांनी एकत्र बसून जळगाव जिल्ह्यासाठी एवढं केलं, आणि आपल्याकडे एकाही नेत्याने त्याचं श्रेय घेतलेलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. नारळही सुटला, म्हणजे सत्कारातली दोन्ही श्रीफळं कायदेशीर. ती नेली. काळा मसाला, बिबडे, कुरडया, शेव आणि पाच लिटरचा कुकरही नेला. कुकर कसा लावायचा, हे विचारायचं तेवढं राहिलं.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. पोचल्याचं पत्र यायला आणखी कित्येक दिवस. नवरा खुद्द टपाल खात्यात, तरीसुद्धा. आमच्या चिरंजीवांचं तसं नव्हतं. मुंबईच्या विमानतळावर खाल्लेला वडा, दोह्याच्या विमानतळावर न खाल्लेला वडा, ढग, पुन्हा ढग, असं सगळं मिनिटामिनिटाला फॅमिली ग्रुपवर येत होतं. नानांनी त्या रात्री मोबाइलवरचा निळा ठिपका इराणवरून जाताना पाहिला आणि काळजीने दोनदा उठून पाणी प्यायले.

चिरंजीवांचं गाव माग्डेबुर्ग, एल्ब नदीच्या काठी. सतराव्या शतकात तिथले महापौर ओट्टो फॉन गेरिके यांनी तांब्याचे दोन अर्धगोल एकाला एक लावले, आतली हवा काढून टाकली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपून ओढायला लावलं. घोडे दमले, गोल काही सुटले नाहीत. विद्यापीठाला याच गृहस्थांचं नाव आहे. ब्लॉक्ड अकाउंटची कल्पना त्यांचीच असावी असा मला दाट संशय आहे, पण पुरावा नाही.

जर्मन माणूस म्हणजे वेळेचा पक्का, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. चिरंजीवांची पहिलीच गाडी पाऊण तास उशिरा आली आणि पुढची चुकली. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साडेबासष्ट टक्केच वेळेवर होत्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीरच नाही असं धरून. आमची पाचोरा-जामनेर, म्हणजे पी.जे., पहूरवरून जायची तेव्हा तिला लोकांनी काय काय नावं ठेवली! २०२० च्या मार्चमध्ये कोरोनात थांबली ती नॅरोगेज पुन्हा धावलीच नाही. बंद असलेल्या गाडीला उशीर होत नाही. हा उपाय जर्मनांना अजून सुचायचा आहे.

विद्यापीठात तर आणखी मौज. वेळापत्रकात दहा लिहून पुढे ‘सी.टी.’ अशी दोन अक्षरं असली की तास सव्वादहाला सुरू होतो. पंधरा मिनिटांचा उशीर लॅटिन भाषेत छापून अधिकृत केलेला. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटे छापून तीनला अक्षता पडतात, त्याला मागासलेपणा म्हणतात. आपण ती दोन अक्षरं छापत नाही, एवढंच आपलं चुकतं.

पण पहिल्या काही आठवड्यांत चिरंजीवांचा तासांशी फारसा संबंध आलाच नाही. ते टर्मिनच्या मागे होते. टर्मिन म्हणजे सरकारी कचेरीत जाण्यासाठी आधी मिळवायची वेळ. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवायचा असा नियम आहे. नोंदवायला टर्मिन लागते. ती ऑनलाइन मिळते. ऑनलाइन बघितलं तर ती महिन्यानंतरची आहे. सोबत घरमालकाने हा माझ्याकडे राहतो असं लिहून दिलेला कागद लागतो. चिरंजीवांना घर देणाऱ्याने तो कागद द्यायला आढेवेढे घेतले. दुसरं घर बघावं तर तिथला मालक बँकेचं खातं विचारतो, बँक नोंदवलेला पत्ता विचारते, आणि पत्ता नोंदवायचा तर टर्मिन. नानांनी हे सगळं फोनवर शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिथं कोनी एजंट नही का रे भो, कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला?”

नाही म्हटल्यावर नानांना पहिल्यांदा मुलाची खरी काळजी वाटली.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. हेच चिरंजीव उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जामनेरच्या तहसीलला एकदा, आणि एकदाच, गेले होते. ‘उद्या या’ म्हटल्यावर त्यांनी घरी येऊन या देशाचं काही होणार नाही असं जाहीर केलं होतं. बाकीचे सगळे खेटे नानांनी घातले. आता माग्डेबुर्गची कचेरी त्यांना ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणते आणि ते ग्रुपवर लिहितात, ‘इकडे सिस्टीम आहे.’ उद्या म्हणणारा मागासलेला आणि पुढच्या महिन्यात म्हणणारा पुढारलेला, हा हिशेब आमच्या तलाठी भाऊसाहेबांना कळला तर सातबाऱ्याचं अवघड होईल.

याच सुमारास ग्रुपवर एक फोटो आला. चिरंजीव आणखी तिघांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहतात. तिथल्या फ्रिजवर एक छापील तक्ता लावलेला, त्यात चौघांची नावं, आणि चिरंजीवांचं नाव सगळ्यात वर. खाली जर्मनमध्ये काहीबाही. ‘आल्याबरोबर माझं नाव लिस्टमध्ये पहिलं,’ असं चिरंजीवांनी लिहिलं. नानांनी फोटो फॅमिली ग्रुपवरून भावकीच्या ग्रुपवर, तिथून ‘आपलं पहूर’वर टाकला. कार्यकारिणीवर निवड झाली असणार, याबद्दल कोणाला शंका नव्हती. अभिनंदनाचा पाऊस पडला. एका माजी सदस्यांनी ‘ही तर सुरुवात आहे’ असं लिहून हात जोडलेले तीन ठेवले. फ्लेक्सवाल्याने तर नानांना खाजगीत विचारलं, जुन्याच डिझाइनमध्ये पदाचं नाव टाकून देऊ का.

रात्री दोनला नानांच्या घरी फोन वाजला. तो तक्ता साफसफाईचा होता. पहिला आठवडा, पहिलं नाव, काम संडास-बाथरूम. चिरंजीव आईला विचारत होते, सुरुवात कशाने करतात.

आईने सांगितलं. पायरी पायरीने, न हसता, ब्रश कुठे असेल इथपासून. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा खाली धरायला लावून कोपरेसुद्धा दाखवून घेतले. वीस वर्षं ज्या घरात पाण्याचा तांब्याही हातात मिळाला, तिथला हा पहिला प्रात्यक्षिकाचा तास, आणि तो बरोबर वेळेवर सुरू झाला होता. चिरंजीवांची बहीण बाजूच्या खोलीत जागी होती. ती बारावीत, नवव्या वर्षापासून हे करत आलेली. तिने एवढंच विचारलं, “याचे क्रेडिट भेटतात का तिकडं?” ग्रुपवर या विषयावर पुढे काही आलं नाही. नाना म्हणाले, “राहू दे, अभिनंदन झालं ते झालं.”

बाकी प्रगती चांगली आहे. कचऱ्याच्या वेगवेगळ्या पेट्या चिरंजीवांना आता ओळखू येतात. चहाचा चोथा प्लॅस्टिकमध्ये टाकल्याबद्दल शेजारच्या आजीबाईंनी दारावर चिठ्ठी लावली होती, ती भाषांतर करून झाली. रविवारी दुकानं बंद असतात, हे त्यांना पहिल्या रविवारी रिकाम्या पोटी कळलं. त्या दिवशी कुरडया तळल्या. रिकामी प्लॅस्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात, म्हणजे पंचवीस रुपये. इथे दारावर भंगारवाला आला की चिरंजीव आत जाऊन बसत, मित्रांनी बघू नये म्हणून. तिथे आता बाटल्यांची पिशवी घेऊन ट्राममधून जातात आणि त्याला पर्यावरण म्हणतात. टर्मिन अखेर मिळाली, पत्ता नोंदला गेला, आणि त्यानंतर त्यांच्या नावाने पहिलं पत्र आलं. हौसेने फोडलं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, घरटी महिन्याला १८ युरो ३६ सेंट. टीव्ही नाही म्हणाले. नसला तरी भरायची असते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ तासभर मागे गेलं. साडेतीन तासांचं अंतर साडेचार झालं. सरकारने एक तास परत दिला, हे चिरंजीवांनी कौतुकाने कळवलं. नाना म्हणाले, “मार्चमधी वापस घेतीन. कर्जमाफीचं असंच असते.”

त्याच आठवड्यात अवकाळी आला. स्टँडवरचा आयफेल टॉवर उतरवून नानांनी मक्याच्या ढिगावर टाकला. चांगला जाड फ्लेक्स, थेंब आत गेला नाही. नेते पालथे पडले, पण पाऊस अडवण्याचं काम निष्ठेने करत होते.

आता नानांच्या ओट्यावर संध्याकाळी गर्दी असते. शेंदुर्णीहून, वाकोदहून लोक येतात. ज्यांची मुलं बारावीला आहेत तेही येतात. नाना पलंगावर बसून सांगतात. प्लॉट एन.ए. पाहिजे, शेतीवर जाऊ नका. सिबिल साडेसातशेच्या वर ठेवा. पैसे पतसंस्थेत असले तर आत्ताच मागायला लागा. ब्लॉक्ड अकाउंट, एपीएस, टर्मिन या शब्दांवर ते आता अडत नाहीत. काम करायचं तर वर्षाला पूर्ण दिवस १४० किंवा अर्धे २८०, वर नाही, हेही त्यांना पाठ आहे. बॅगेत नारळ चालतो, पेढा चालत नाही, असं ते सांगतात तेव्हा लोक वहीत लिहून घेतात.

परवा वाकोदचे एक पाहुणे सगळं लिहून झाल्यावर उठता उठता म्हणाले, “नाना, एक राह्यलं. तुमचा पोऱ्या तिकडं शिकू काय राह्यला?”

नानांनी आत हाक मारली, “काय गं, काय शिकू राह्यला आपला?”

आतून उत्तर आलं, “पोळ्या. कालपासून गोल येऊ राह्यल्या.”

पाहुण्यांनी तेही लिहून घेतलं.