अथ गादीरक्षणविधी

वेताच्या दोन खुर्च्या आणि फोमच्या चार गाद्या बाल्कनीत आल्या की घरात एक नाजूक जावई राहायला आला असे धरून चालावे. त्याला ऊन सोसत नाही, पाऊस चालत नाही, कोंदट जागेत बुरशी येते आणि विश्रांतीला अख्खे कपाट लागते. पुण्या-मुंबईच्या दीड खोलीत त्याची सरबराई करायची तर शास्त्राचा आधार हवा. तो करकंबात मिळतो.

पंढरपूरच्या उत्तरेला, टेंभुर्णीच्या वाटेवरचे हे गाव. इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे अंगणातले फर्निचर म्हणजे बाज, आणि तिच्यावरची गादी म्हणजे वाकळ. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची आणि काठापासून आत आत धावदोरा घालत जायचे, झाली वाकळ. दुकान नाही, वॉरंटी नाही.

विधीतले पहिले कलम घडीचे. वाकळीची घडी होते, घड्यांची चवड कोपऱ्यात बसते. फोमची घडी होत नाही. म्हणून दुकानदार “वॉटरप्रूफ आहे ताई” म्हणत असतानाच गिऱ्हाइकाने घरच्या दिवाणाच्या पोटाची उंची आठवावी. चार इंची चार गाद्यांची चळत सोळा इंच भरते. आणि दिवाणात पाहुण्यांची पांघरुणे, लग्नातला आहेर व बंद पडलेला मिक्सर हे मूळ रहिवासी आधीच असतात. त्यांना कोणी हलवू शकलेले नाही.

दुसरे कलम मुहूर्ताचे. जून सरला, जुलै सरला, आता गाद्या बाहेर काढू, असे म्हणणाऱ्याला सोलापूर जिल्हा धडा शिकवतो. इथे सर्वांत जास्त पाऊस बहुधा सप्टेंबरातच पडतो. आषाढीला तर त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची आणि पैठणहून एकनाथांची पालखी करकंबाच्या वाटेने पंढरपूरला जाते. म्हणजे मुक्कामी वारकऱ्यांसाठी अंथरुणे बाहेर काढायची वेळ आणि आभाळ भरून येण्याची वेळ एकच. मुहूर्त पाहत बसणाऱ्याची गादी कपाटातच राहते आणि तिथे उंदीर संसार थाटतो.

भिजलीच तर? फोमच्या पोटात एकमेकींना जोडलेली बारीक छिद्रे असतात. पाणी आत पटकन शिरते, बाहेर सावकाश येते. आडवी वाळवलेली गादी वरून कोरडी लागते आणि बसणाऱ्याला आतली बातमी उशिरा कळते. तिला पिळू नये, फोम फाटतो. तळव्यांनी दाबून पाणी काढावे, काठावर उभी करावी, खोळीची चेन उघडून ती बाजू खाली ठेवावी, म्हणजे पाणी आपल्या वजनाने उतरते. पुरती वाळल्याशिवाय आत नेऊ नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधणे हा तर बुरशीला दिलेला भाडेकरार. त्यापेक्षा जुन्या सुती चादरीत गुंडाळावी.

ऊन दाखवावे, उन्हात सोडून देऊ नये. करकंबात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे वळणीवर टाकलेली वाकळ संध्याकाळी घडी होऊन आत जाते. बाल्कनीतली गादी मात्र मार्च ते मे तिथेच. छापील फुले उडतात, फोम पिवळा पडून त्याचा भुगा होतो. धागा बनवतानाच ज्यात रंग मिसळलेला असतो ते कापड जास्त टिकते, पण त्याची किंमत ऐकूनच बसावेसे वाटते. बाकीच्यांनी खोळ उलटी करून वाळवावी.

घोंगडीचा मामला वेगळा. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी डोक्यावर घेऊन मेंढपाळ पावसात उभा राहतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा दमटपणा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. तिला भीती कसरीची. घडीत लिंबाचा पाला ठेवतात. ठेवावा, वासाने समाधान मिळते. पण कसरीच्या अळीला उजेड आणि झटकणे मानवत नाही, तेव्हा खरा उपाय अंगमेहनतीचाच आहे.

निकाल असा: बाल्कनी चार फुटांची असेल तर फोमच्या गाद्या घेऊच नयेत. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर चौघडी करून खुर्चीवर टाकावी, संध्याकाळी झटकून आत घ्यावी, मळली की धुवावी. गाद्या आधीच घेऊन झाल्या असतील, तर दिवाणातला तो मिक्सर आज भंगारात द्यावा.