ऑगस्टचा पोलीसपाटील

ऑगस्ट उजाडला की अर्धा फ्रान्स गाडीमागे सायकली बांधून समुद्राकडे निघतो. १९३६ साली लेओं ब्लूम यांच्या सरकारनं कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. वाढत वाढत १९८२ साली ती पाच आठवड्यांवर गेली. मागे उरतं रिकामं गाव, आणि त्या गावात उरतो तो.

वय सत्तरीपुढे, नोकरीतून कधीच निवृत्त. म्हणजे वर्षाचे बारा महिने याला सुट्टीच. पण गाव सुट्टीवर गेलं की हा कामावर रुजू होतो. नेमणूक कुणी केली विचाराल, तर ज्यानं रिकाम्या गावचा पोलीसपाटील नेमला त्यानंच.

असा नमुना फ्रान्समधल्या कुठल्याही लहान गावात सापडेल. आपण व्हांदोमचा घेऊ. पॅरिसहून वेगवान रेल्वेनं पाऊण तास. ल्वार नदीच्या फाट्यांवर वसलेलं गाव. (राजवाड्यांची प्रसिद्ध ल्वार ती वेगळी, हे तो न विचारता सांगतो.) सकाळी नऊला हा घराबाहेर पडतो तो खिशात किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत. प्रत्येक किल्लीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: ‘डॉक्टरीणबाई – मांजर’, ‘कोपऱ्यावरचे – टोमॅटो’, ‘शिक्षक – टपालपेटी रिकामी करणे’. रजेवर जाणाऱ्यांच्या घरांवर पोलीस फुकट लक्ष ठेवतात, तशी सरकारी सोय आहे. त्याबद्दल याचं एकच म्हणणं: “पोलीस जिरेनियमला पाणी घालतात का?”

मात्र याच्या ज्ञानाचा खरा कस लागतो पावाच्या बाबतीत. तुम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीशी पोचता तर शटर खाली आणि त्यावर कागद: वार्षिक रजा, सर्वांना सुट्टीच्या शुभेच्छा. तुम्ही तो कागद वाचत असतानाच मागून आवाज येतो, “बोंझूर, मोस्यू. हे एकवीस तारखेनंतर. चर्चजवळची उघडी आहे, पण आज सोमवार, तिची साप्ताहिक सुट्टी. पुलापलीकडे जा. साडेबाराच्या आत.” कोणती बेकरी कधी बंद, रात्री औषध लागलं तर कोणत्या दुकानाची पाळी, १५ ऑगस्टच्या सणाला काय काय मिळणार नाही, सगळं तोंडपाठ. एवढं सांगून थांबेल तो हा कसला! तो पुलापर्यंत सोबत येतो, स्वतःसाठीही एक बगेत घेतो आणि दुकानाच्या पायरीवरच तिचं कुरकुरीत टोक मोडून तोंडात टाकतो. म्हणे भट्टी नीट तापली होती की नाही, ते तपासायला लागतं.

वाटेत रोशाँबोचा पुतळा लागतो. याच गावात जन्मलेला हा सेनापती १७८१ साली अमेरिकेत यॉर्कटाउनला वॉशिंग्टनच्या बरोबरीनं लढला आणि कॉर्नवॉलिसच्या फौजेला शस्त्रं खाली ठेवावी लागली. तोच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात आला आणि मराठ्यांना सोबत घेऊन टिपूवर चालून गेला, असं मी सांगितल्यावर त्यानं मान हलवली. “म्हणजे आमचं उरलेलं काम तुमच्याकडे आलं. ऑगस्टात असंच होतं.”

याची करडी नजर असते ती गाड्यांवर. फ्रेंच गाडीच्या पाटीवर उजवीकडे जिल्ह्याचा आकडा असतो. ४१ म्हणजे आपला, ७५ म्हणजे पॅरिसचा. शेताडीत सुट्टीपुरती घरं घेतलेले पॅरिसवाले आले की तो आकडा वाचतो आणि गाल फुगवून फुस्सदिशी हवा सोडतो. पण २००९पासून कोणताही आकडा लावायची मुभा मिळाली. आता अस्सल पॅरिसवालाही ४१ लावून हिंडू शकतो. निवृत्तीचं वय वाढवलं तेव्हाही सरकारवर हा इतका चिडला नव्हता.

“तुम्ही स्वतः कधी जात नाही?” असं विचारलं की तो दचकतो. “ऑगस्टात? त्या गर्दीत?” त्याच्या बायकोला विचाराल तर तिचं उत्तर निराळं आहे, पण किल्ल्या तिच्याकडे नसतात.

सप्टेंबर लागतो, शाळा उघडतात. शेजारी रापलेल्या तोंडांनी परततात आणि किल्ल्यांच्या बदल्यात लोण्याच्या बिस्किटांचा डबा हातात ठेवतात. मांजर जाड झालेलं असतं. टोमॅटो कमी झालेले असतात, त्याविषयी कुणी बोलत नाही. मग हा बायकोला घेऊन थाटात ब्रिटनीच्या किनाऱ्यावर जातो. तिथल्या बाकावर बसलेला एक म्हातारा याच्या गाडीवरचा ४१ वाचतो आणि गाल फुगवतो.

तेव्हा ऑगस्टात फ्रान्सच्या एखाद्या लहान गावात राहायची वेळ आली, तर नकाशा नसला तरी चालेल, पण यालाच आधी गाठा. पॅरिसच्या लोकांबद्दल दहा मिनिटं ऐकून घ्यावं लागेल. पाव मात्र ताजा मिळेल.