न्गोरोंगोरोच्या कढईत

टांझानियातले न्गोरोंगोरो म्हणजे ज्वालामुखीचा माथा त्याच्याच पोटात कोसळून झालेली कढई. काठ सुमारे 600 मीटर उंच, तळ साधारण 260 चौरस किलोमीटर. 1959 पासून हे राखीव क्षेत्र आहे. पहाटे काठावर इतकी थंडी असते, की 'आफ्रिकेत कशाला हवा स्वेटर' म्हणणाऱ्या नातेवाइकाची आठवण पहिल्या वळणावरच निघते.

यादी घेऊन आलेल्याला पहिला चकवा जिराफ देतो. तो खाली नसतोच. त्या लांब पायांना हा कडा झेपत नाही, असे सांगतात. हत्ती दिसतात ते बहुतेक वयस्क नर. कुटुंबकबिला वरच्या जंगलात राहतो. आपल्याकडे वानप्रस्थाला वनात जायचे, इथे वनातून खाली उतरायचे.

वायरलेसवर 'सिम्बा' ऐकू आले की साऱ्या गाड्या तिकडे धावतात. स्वाहिलीतला हा एक शब्द मराठी माणसाला पाठ करावा लागत नाही. सिंह दिवसातले वीसेक तास झोपतो, त्यामुळे गवतातून दिसतो तो एक कान, आणि अर्धा तास त्या कानाचेच फोटो निघतात. कधी स्वारी उठते, येऊन गाडीच्या सावलीत टायरला टेकून पुन्हा झोपते. मग आतल्यांना शिंकायचीही चोरी.

तरसाची कथा मात्र अन्यायाची आहे. सिंहाच्या ताटाभोवती घुटमळणारा उपटसुंभ ही त्याची जुनी ख्याती. 1960 च्या दशकात हान्स क्रुक या शास्त्रज्ञाने इथे रात्री जागून पाहिले, तेव्हा उलगडले की शिकार पुष्कळदा तरसेच करतात. त्यांचा गलका ऐकून सिंह येतो आणि ताट ओढून घेतो. पर्यटक पोचतो सकाळी. त्याला जेवणारा सिंह आणि ताटकळलेली तरसे दिसतात, आणि तो निकाल देऊन मोकळा होतो.

पाणघोडे दिवसभर एकमेकांवर रेलून डुंबतात आणि शेपटीने शेण उडवतात. वास फोटोत येत नाही, ही कॅमेऱ्याची कृपा. न्गोइटोकिटोक तळ्याकाठी माणसांना गाडीतून उतरता येते. तिथे डबा उघडला रे उघडला, की घार झडप घालते. ती मांसाहारी आहे हे मेथीच्या ठेपल्याला कोणी सांगावे?

नान्नजच्या माळावर माळढोकासाठी डोळे शिणवून आलेल्यांना त्याचा आफ्रिकी चुलतभाऊ, कोरी बस्टर्ड, इथे रस्त्याकडेला निवांत चरताना भेटतो. मोठा नर पंधरा किलोंच्या पुढे जातो. उडता येते, पण उत्साह नसतो.

शेवटी काळा गेंडा. तो दूरच्या गवतात ठिपक्याएवढा असतो. ठिपक्याने कान हलवला तर गेंडा, दोन पायांवर पळत सुटला तर शहामृग, हललाच नाही तर दगड. फोटो तिन्हींचे निघतात. संध्याकाळी सहाच्या आत कढईबाहेर पडायचे असते, म्हणून निकाल बहुधा चढावर, बहुमताने लागतो.