वाटेत लागणारं शहर

छत्रपती संभाजीनगरची अडचण अशी, की ज्यांच्यामुळे हे शहर जगाला माहीत आहे त्यातलं बरंचसं शहरात नाहीच. अजिंठा 100 किलोमीटरवर, वेरूळ 30, दौलताबाद 15, पैठण 50. कुठून कुठून माणसं येतात, आमच्याकडे झोपतात, नळाला पाणी आलेलं असेल तर अंघोळही करतात आणि सकाळी गाडी काढून भलतीकडे जातात. पर्यटनाच्या राजधानीचा मान आमच्याकडे, आणि पर्यटक सिल्लोडच्या पुढे!

सांगलीचे मामा, म्हणजे सौ.चे मामा, उभ्या आयुष्यात मराठवाड्यात आले नव्हते. लेखा खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी महाराष्ट्राचा हा भाग शिल्लक राहिल्याचं शोधून काढलं आणि फोन केला.

"जावईबापू, सोमवारी सकाळी पोचतोय. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, मंगळवारी रात्रीच्या गाडीनं परत."

"मामा, अजिंठा सोमवारी बंद असतं."

"मग सोमवारी वेरूळ. वेरूळ बंद नसतंय न्हवं?"

"मंगळवारी असतं."

फोनवर थोडा वेळ शांतता. मग मामा म्हणाले, "दोन्ही एकाच दिवशी बंद ठेवायला काय हुतंय?"

"खरंय. म्हणजे तेवढाच एक दिवस शहर बघायला मिळाला असता," मी म्हणालो. पण तोवर मामांनी फोन ठेवला होता.

मामा-मामी आले ते चार पिशव्या, भडंगाचा डबा आणि एक लांबडी लाल वही घेऊन. वहीत मामांनी घरूनच रकाने आखून आणले होते: ठिकाण, अंतर, खर्च, शेरा. ठिकाणांत अजिंठा, वेरूळ, देवगिरी किल्ला, मकबरा आणि अगदी तळाशी, आडनावानुसार लावलेल्या यादीतल्या शेवटच्या माणसासारखं बिचारं 'शहर'.

मामींनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारलं, "नळाला पाणी किती वाजता येतं?"

"आज नाही येत."

"मग उद्या?"

सौ.ने माझ्याकडे पाहिलं, मी टाकीकडे पाहिलं. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी या गावात जमिनीखालून नहर खेळवली होती, पाणचक्कीत तर नुसत्या पाण्याच्या जोरावर दळण निघायचं, ही माहिती मी घाईघाईने पुरवली. मामा म्हणाले, "तेव्हाचं आलं ध्यानात. उद्याचं बोला."

देवगिरीच्या वाटेवर मी महंमद तुघलकाची गोष्ट काढली. 1327 च्या सुमारास त्याने राजधानी दिल्लीहून इथे आणली, देवगिरीचं दौलताबाद केलं आणि काही वर्षांत बाडबिस्तरा आवरून परत दिल्ली गाठली. तुघलकाला वेडा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मामांचा आक्षेप निराळाच होता. "एवढ्या माणसांचं जाण्या-येण्याचं बिल पास कुणी केलं?" त्यांनी तीन वेळा विचारलं. मला सांगता आलं नाही. किल्ल्यातल्या 'अंधारी'त, म्हणजे शत्रू आत शिरला की चाचपडत मरावा म्हणून खोदलेल्या त्या काळ्याकुट्ट वळणावळणाच्या वाटेत, वटवाघळांचा वास येताच मामी मागे फिरल्या. मामा मात्र मोबाइलचा उजेड पाडत म्हणाले, "पाहुणे टाळायची सोय झकास केलीय." हे त्यांनी माझ्याकडे बघून का म्हटलं, ते मी विचारलं नाही.

वेरूळला एकूण 34 लेणी, पण मामींना फक्त कैलास बघायचं होतं. डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदत आणलेलं ते देऊळ बघून त्या खांबाला टेकून बसल्याच. मग मी त्यांना दंतकथा सांगितली. राणीने नवस केला, की कळस दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही. बाकीच्या कारागिरांनी वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा पैठणचा कोकस पुढे आला आणि त्याने वरून खोदायला सुरुवात करून आठवड्यात कळस दाखवला. राणी जेवली. उरलेलं देऊळ सावकाश झालं.

"बाईचा उपास होता म्हणून झालं तरी," मामी म्हणाल्या. "नाहीतर आमच्याकडं देवघराची फळी बसवायला यांना दिवाळी उलटून संक्रांत आली." मामा तेवढ्यात समोरच्या हत्तीचा फोटो काढण्यात गुंतले.

संध्याकाळी मकबरा. आमचं म्हणावं असं शहरात एवढंच एक स्मारक जगाला ठाऊक आहे, आणि त्याचं नशीब असं, की येणारा प्रत्येक जण पहिल्या पायरीवरच म्हणतो, "अगदी ताजमहाल!" आणि दुसऱ्या पायरीवर म्हणतो, "पण लहान." मामांनी दोन्ही वाक्यं वेळेवर म्हटली. मग बोटाने तपासणी सुरू केली: खाली कमरेइतका संगमरवर, वर घुमटाला संगमरवर आणि मधे सगळा चुन्याचा गिलावा. "काटकसर केलीय," ते हळूच म्हणाले, पण सुरात आदर होता. औरंगजेबाच्या बेगमेच्या, दिलरास बानूच्या, या कबरीला 6,68,203 रुपये आणि 7 आणे खर्च आल्याची जुनी नोंद सांगितली जाते, असं मी म्हणालो मात्र, मामा थबकले.

"सात आणे?"

"सात आणे."

दिवसभरात कैलासाने जे केलं नव्हतं ते त्या सात आण्यांनी केलं. मामांनी चष्मा पुसला. "लाखांचं काम, आणि आण्यापर्यंत हिशेब! कोण कारकून असेल हो तो?" अताउल्ला या वास्तुविशारदाचं नाव मी सांगितलं, पण त्यात त्यांना रस नव्हता. मकबऱ्याकडे पाठ करून ते बराच वेळ त्या अनाम कारकुनाचा विचार करत उभे राहिले.

परतताना मी ड्रायव्हरला मुद्दाम जुन्या शहरातून गाडी घ्यायला सांगितली. 1610 मध्ये मलिक अंबरने वसवलेलं खडकी, त्याच्या मुलाच्या नावाचं फतेहनगर, मग औरंगाबाद आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर, असा हा गावाचा प्रवास. पण पत्ता सांगायची रीत तीच राहिली: पैठण गेटच्या अलीकडे, दिल्ली गेटच्या पलीकडे, रोशन गेटच्या आतल्या बाजूला. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. आता थोडकेच उभे आहेत, आणि जे आहेत त्यांच्या कमानीखालून एका वेळी एक हत्ती जावा अशी मूळ योजना असताना दोन रिक्षा, एक टेम्पो, ऊस लादलेली हातगाडी आणि समोरून येणारी बुलेट जाऊ बघतात. आम्ही अडकलो. पुढच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून टेम्पोवाल्याला विचारलं, "क्या मियाँ, घर इधरिच बांधताय क्या?" टेम्पोवाला म्हणाला, "नक्को, भाडा जास्ती है." दोघेही हसले, हॉर्न मात्र थांबले नाहीत.

"ही कुठली भाषा?" मामींनी विचारलं.

"आमची," मी म्हणालो.

त्या कोंडीत मामांनी पहिल्यांदा काच खाली केली. वर बघितलं. कमानीवर पिंपळाचं रोप उगवलेलं, त्याखाली वाढदिवसाचा फ्लेक्स, त्याखाली कबुतरं. थांबावं लागलं म्हणून का होईना, दरवाजा नीट बघितला गेला. गुलमंडीवर उतरून आम्ही गरम इमरती खाल्ली. मामींनी तीन घेतल्या आणि सांगितल्या दोन.

जेवायला मी त्यांना नान-खलिया खाऊ घातला. ताटाला पुरून उरेल एवढी नान, शेजारी मटणाचा झणझणीत रस्सा. हा पदार्थ तुघलकाच्या फौजेबरोबर आला असं इथले लोक सांगतात. मामांनी घाम पुसत निर्णय दिला, "राजधानी परत नेली ते ठीक केलं. हे ठेवून गेला, आता त्याचं बिल पास."

दुसऱ्या दिवशी अजिंठा. फर्दापूरला गाडी ठेवायची, तिथून बसने लेण्यांच्या पायथ्याशी. पहिल्या लेण्यात पद्मपाणी मंद उजेडात शतकानुशतकं डोळे झुकवून उभा आहे. मामांनी त्याला मिनिटभर दिलं, कारण त्यांना दहा नंबर गाठायचं होतं. तिथे 1819 च्या एप्रिलमध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने, जगाला ही लेणी पुन्हा दाखवणाऱ्या पहिल्या पाहुण्याने, आपलं नाव आणि तारीख थेट खांबावरच्या चित्रावर कोरून ठेवली आहे. तेव्हा लेण्यात मातीचा उंच ढीग साचलेला होता म्हणून ते नाव आता माणसाच्या डोक्यापेक्षा उंचावर आहे. मामा टाचा उंचावून शोधत होते, पहारेकरी शिट्ट्या मारत होता. बाहेर येताच मामा म्हणाले, "म्हणजे ही खोड आपल्याच लोकांना आहे असं नाही." स्मिथने खांबावर नाव ठेवलं, मामांनी स्मिथला नावं ठेवली, दोघांचीही लेणी बघून झाली.

रात्री बसस्थानकावर गाडीला वेळ होता. मामांनी लाल वही काढून हिशेब बंद करायला घेतला. वेरूळपुढे शेरा: 'उत्तम'. अजिंठ्यापुढे: 'अतिउत्तम, चढ आहे'. मकबऱ्यापुढे: 'सात आणे', आणि त्याखाली दोन रेघा. शेवटच्या ओळीत, 'शहर'पुढे, त्यांचं पेन अडलं. इमरतीचे पैसे मी दिले होते, दरवाजाला तिकीट नव्हतं, कोंडी फुकट होती. खर्च शून्य, शेरा काय लिहायचा?

मी त्यांच्या हातातलं पेन घेऊन लिहिलं: 'येणे बाकी'.

मामांनी चष्मा कपाळावर चढवून ती नोंद दोनदा वाचली. तोवर गाडी लागली. मामी भडंगाचा रिकामा डबा इमरतीने भरून घेऊन चढल्या, मागोमाग मामा. खिडकीतून डोकं बाहेर काढून ते म्हणाले, "जावईबापू, बाकी पुढच्या वर्षात ओढतो. तेवढं पाण्याचं बघा."